कालच्या तारखेचा कागद

काकू, हे पत्र लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं की शेवटी टाळण्याचीच सवय झाली. तुम्ही गेलात तेव्हा मी इंदूरला होतो. तुमच्या दुकानाशेजारच्या इस्त्रीवाल्याचा फोन आला, "तुझी काकू गेली रे," आणि मी "बरं" म्हणालो आणि हातातल्या मोबाईलला नवी काच बसवत राहिलो. काच तिरकी बसली. त्याच आठवड्यात तुम्हाला लिहायचं ठरवलं होतं. मग दिवाळीला लिहू म्हटलं. मग एकदा चांगली जाड वही आणली. ती माझ्याबरोबर तीन गावं फिरली, मागच्या पानांवर वायरिंगच्या आकृत्या भरल्या आणि पुढची पानं कोरी राहिली. गेलेल्या माणसाला लिहायची घाई कसली, असंही वाटायचं. तुम्ही काही आता कुठं निघून जाणार नव्हता. खरं कारण वेगळं होतं, ते येईल पुढं. मला जरा वळसे घेत यावं लागतं, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच म्हणायचात, "तुझं लक्ष म्हणजे वडापची जीप. कुणीही हात दाखवला की थांबतं."

आज लिहायला बसलो ते काही फार मोठं ठरवून नाही. मला आज खोलीतून हलता येत नाहीये, एवढंच. खोली बिबवेवाडीतच आहे, आपल्या दुकानाच्या वरच्या दोन गल्ल्या सोडून. दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात, पण पायरी तीच आहे, तुमची, कोपरा तुटलेली. तर माझ्यासमोर टेबलावर एक उघडा कॉम्प्युटर आहे. त्याच्या आतून पाणी फिरतंय, आणि त्याच्या खाली वर्तमानपत्र पसरलंय. पूर्ण एक दिवस तो तसाच ठेवायचा आणि कागद कोरडा राहतो का बघायचं. नियम तुमचाच. मी फक्त गाडी बदलली.

कॉम्प्युटरमधे पाणी कशाला, असं तुम्ही विचाराल. मलाही विचारतात. तुम्हाला समजावणं सोपं आहे. ही एक छोटी गाडी आहे असं धरा, कुठंच न जाणारी, पण तापणारी. इंजिनाच्या जागी नखापेक्षा थोडी मोठी चिप. नेहमी तिच्यावर पंखा बसवतात, आणि काम वाढलं की तो पंखा गिरणीसारखा ओरडतो. आवाज नको असेल तर चिपेवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसवायचा, त्यातून पाणी खेळवायचं, ते गरम पाणी नळीतून रेडिएटरकडे न्यायचं, गार करून परत आणायचं. हो काकू, खरंच रेडिएटरच म्हणतात त्याला. पहिल्यांदा खोक्यातून काढला तेव्हा मला हसूच आलं. तीच जाळी, त्याच पातळ पात्या, दोन टोकांना दोन टाक्या, फक्त पोळपाटापेक्षा जरासा लांब. कुणीतरी आपल्या दुकानातला टेंपोचा रेडिएटर धुऊन आटवला असावा असा.

तुमच्याकडे मी आलो तो कामासाठी नाहीच. डिप्लोमाचं दुसरं वर्ष सोडलं होतं, घरी सांगितलं नव्हतं, आणि कॉलेजच्या वेळात कुठंतरी असायला हवं म्हणून फिरत होतो. तुमच्या दुकानासमोर थांबलो. तुम्ही ट्रकचा रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून त्यात हवा भरत होतात आणि एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ वर येत होती. मी बघत उभा. तुम्ही त्या जागी खडूनं खूण केलीत, रेडिएटर बाहेर काढून निथळत ठेवलात, हात पुसलेत, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "तास झाला. दुकान विकत घ्यायचंय का?" मी म्हणालो, "नाही, बघतोय नुसतं." तुम्ही म्हणालात, "बघायला दुसरं टोक धरावं लागतं." मी दुसरं टोक धरलं. ते मग दीड वर्षं सुटलं नाही. माझ्या आयुष्यात इतका काळ मी दुसरं काहीच धरलेलं नाही.

तेवढ्यात तो डंपरवाला आला होता, आठवतो? माझ्याकडे बघून म्हणाला, "मिस्त्री कुठंयत?" मी तुमच्याकडे बोट दाखवलं. तो परत म्हणाला, "अहो, मिस्त्री, मिस्त्री." तुम्ही डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवून म्हणालात, "मिस्त्री वारले, त्याला सात वर्षं झाली. ते परत येईपर्यंत थांबायचं असेल तर बसा, नाहीतर मला दाखवा काय झालंय ते." तो बसला नाही. काकांनी दुकान टाकलं, तुम्ही त्यांच्या हाताखाली भोकावर डाख द्यायला शिकलात, आणि ते गेल्यावर लोकांनी दुकान विका म्हटलं तेव्हा विश्रांतवाडीच्या तुमच्या बहिणीलासुद्धा न विचारता दुसऱ्या दिवशी शटर उघडलंत, हे मला नंतर कळलं. पुढं दुकान, मागं स्वयंपाकघर, मधे निळा पडदा. पुढं डाख वितळतोय, मागं डाळ शिजतेय, आणि तुम्ही नुसत्या वासावरून सांगायचात काय उतू जायला आलंय ते.

शिकवलंत असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. तुम्ही बोलत राहायचात आणि मी ऐकत नाहीये असं आपल्या दोघांनाही वाटायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवून मूठ कानाला लावायची, म्हणजे कुठला भाग कण्हतोय ते कळतं. बोअरचं पाणी घालायचं नाही, आत क्षार धरतो. पाणी भरताना झाकण उघडं ठेवायचं आणि नळी हातानं चेपत राहायची, कारण आत हवा अडकली की पाणी जागच्या जागी थांबतं. "माणसाचंही तसंच होतं," असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. तुम्ही फक्त म्हणायचात, "चेप. झोपलास का?"

आणि कागद. हौदातली परीक्षा झाली की कुणीही रेडिएटर देऊन मोकळं होतं. तुम्ही होत नसायचात. तुम्ही रेडिएटर पाण्यानं भरून दोन विटांवर आडवा ठेवायचात आणि त्याच्याखाली त्या दिवशीचं वर्तमानपत्र पसरायचात, सकाळी चहाबरोबर वाचून झालेलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला कागद उचलून उजेडात धरायचा. "हौदात दिसतं ते मोठं भोक. बारीक भोक लाजाळू असतं, कुणी बघत असलं की पाझरत नाही." गिऱ्हाईक कितीही तडफडलं तरी दिवस पुरा व्हायचा. "काकू, चाळीस किलोमीटर जायचंय, घाई आहे हो." "मग चाळीस किलोमीटर जा. परत ढकलत आणायची तयारी ठेवा."

आता कोथरूडच्या ताई, हा कॉम्प्युटर त्यांचाच. यांच्यामुळेच आज मी खुर्चीला बांधला गेलोय. पन्नाशीच्या आहेत, एकट्या राहतात, आणि घरी बसून ऐकून लिहायचं काम करतात. कुणाचीतरी मुलाखत असते, डॉक्टरांची बैठक असते, ते बोलणं ऐकायचं आणि शब्दाला शब्द टाइप करायचं. आणि दोन्ही कानांत ऐकू येण्याची यंत्रं. मला वाटलं होतं, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला पंख्याचा काय त्रास. तसं मी बोललो नाही, पण चेहऱ्यावर आलं असणार. त्या म्हणाल्या, "लोकांना वाटतं मला कमी ऐकू येतं. अहो, मला नको ते जास्त ऐकू येतं. हे कानातलं यंत्र माणूस आणि पंखा यांत भेद करत नाही. पंखा आधी बोलतो, मग माणूस."

"आधी कुणाला दाखवलंत?"

"दोघांना. एकानं कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला, म्हणाला, मॅडम, आवाजच येत नाहीये. मी म्हटलं, बरोबर आहे, तुम्हाला ऐकू येतं ना, म्हणून."

हे ऐकून मला तुम्ही आठवलात, काकू. बोलण्याची धार तीच. त्यांनी गॅलरी काचेनं बंद करून तिथं ऑफिस केलंय. दुपारी पश्चिमेचं ऊन येतं, खिडकी उघडली तर खालचे हॉर्न वर येतात, म्हणून सगळं बंद, म्हणून कॉम्प्युटर तापतो, म्हणून पंखे ओरडतात. गेल्या महिन्यात त्यांची फाइल तीनदा परत आली. "पंधरा" ऐकलं, "पन्नास" होतं. औषधाचं प्रमाण होतं ते. काम देणाऱ्यांनी सांगितलंय, सोमवारी सकाळी नऊला एक मोठी फाइल येईल, संध्याकाळी पाचला परत हवी, आणि ही नीट झाली नाही तर काम दुसऱ्या कुणाला. ताईंनी हे मला पाणी देता देता सांगितलं, पण पेला ठेवताना त्यांचा हात जरा जोरात आपटला. एकट्या बाईचं घर त्या कामावर चालतं. तुम्हाला वेगळं काय सांगायचं.

मी काय केलं सांगतो, तुम्हाला आवडेल. डबा उघडला आणि त्यांना डोळे मिटायला सांगितले. मग एकेक पंखा बोटानं क्षणभर थांबवत गेलो. त्या डोळे मिटून सांगत होत्या, "आहे... आहे... आता गेला. परत आला बघा. हाच तो मेला." तुमचा स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे नव्हता, पण ताईंचे कान होते. सगळे पंखे कळले, आणि मधेच न थांबणारी एक गुणगुण उरली, ती कपाटाच्या पत्र्याची निघाली, कॉम्प्युटर पत्र्याच्या कपाटावर ठेवला होता म्हणून. मी म्हटलं, पाण्याचा बनवू. मोठा रेडिएटर, त्यावर मोठे पंखे, इतके हळू फिरणारे की पाती मोजता येतील. त्या म्हणाल्या, "तुम्ही याआधी किती बनवलेत?" मी म्हटलं, "पाण्याचा हा पहिला."  त्या म्हणाल्या, "खरं बोलता. त्या दोघांनी शेकड्यांनी बनवले होते."

सगळं साहित्य आलं तेव्हा रेडिएटरच्या एका कडेच्या पात्या दाबल्या गेल्या होत्या, खोकं कुठंतरी आपटलं असणार. परत पाठवला असता तर सोमवार हुकला असता. मग मी खिशातून तुमची पात्या सरळ करायची फणी काढली. पितळेची, मुठीला सुतळी गुंडाळलेली. दुकान सोडून निघालो त्या दिवशी तुम्ही ती माझ्या खिशात घातली होतीत. मी विचारलं, "तुम्हाला नको?" तर म्हणालात, "मला बोटं आहेत. तुला एका जागी बसायला काहीतरी लागेल." इतकी गावं फिरलो काकू, कपडे हरवले, एक फोन पाण्यात पडला, एकदा अख्खी बॅग गाडीत राहिली, पण फणी खिशात होती. तिच्यानं कधी काही केलं नव्हतं, नुसती होती. परवा पहिल्यांदा कामाला आली. एकेक पाती सरळ करत तीन तास बसलो, चहाला उठलो नाही. माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

पंपाखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठेवले, कंप खाली जाऊ नये म्हणून. नळ्या जोडल्या. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी भरलं, त्यात थोडं औषध, शेवाळ धरू नये म्हणून. झाकण उघडं ठेवलं, अख्खा डबा पोराला ढेकर काढायला धरतात तसा इकडं तिकडं कलता केला, नळी चेपली. गुडगुड करत हवा वर आली आणि पाणी गप्प फिरायला लागलं. आता फक्त पंपाला वीज आहे, बाकी सगळं बंद. गळलंच कुठं तर नुसतं ओलं होईल, जळणार नाही. काल शनिवारी सकाळी दहाला खाली शनिवारचा पेपर पसरला. काल दुपारी ताईंचा फोन.

"झाला का?"

"चालतंय सगळं. उद्या दहापर्यंत बघायचं फक्त."

"चालतंय तर बघायचं काय? आज आणा. रात्रभर मला सवय करता येईल त्याची."

"ताई, दिवस पुरा झाल्याशिवाय हलवणार नाही मी."

"अहो, काम माझं जाणार आहे, तुमचं नाही!"

"म्हणूनच."

 "असं करा, मीच येऊन बसते तिथं तुमच्या यंत्राशेजारी, की-बोर्ड घेऊन," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. टोमणाच होता, मी तसाच घेतला. पण "म्हणूनच" माझ्या तोंडून कसं आलं, याचं मलाच नवल वाटत राहिलं. एके काळी मी "घ्या" म्हणालो होतो, आणि तेव्हा कुणी एवढं ओरडलंही नव्हतं.

ते येतंय आता, टाळलेलं. सासवडचा टेंपोवाला. तुम्ही दुपारी त्याचा रेडिएटर डाख देऊन झाळलात, हौदात बघितलात आणि बहिणीकडे निघालात, दुसऱ्या दिवशी विहारात कार्यक्रम होता. जाताना पडद्यातून डोकं काढून म्हणालात, "पाणी भर, कागद ठेव, उद्या याच वेळेला बघ. कोरडा असेल तर दे." मी "हो" म्हणालो. बाहेर दोन मित्र बाइकवर हॉर्न वाजवत उभे होते, पानशेतला जायचं म्हणून. मी रेडिएटर खुंटीला टांगून निघून गेलो. म्हटलं सकाळी लवकर येऊन ठेवू. सकाळी आलो तर टेंपोवाला माझ्याआधी पायरीवर बसलेला. भाचीचं लग्न उद्यावर, जेवणाची मोठी भांडी पुण्याहून सासवडला न्यायची होती त्याला. "झालं का रं बाबा?" मी म्हणालो, "झालंय, घ्या." बसवूनही दिला. चांगलं काम केल्यासारखं वाटलं होतं मला, काकू.

दुपारी तुम्ही परत आलात, चप्पल काढताय तोवर फोन वाजला. बाजूला उभ्या माझ्यापर्यंत त्याचा आवाज आला, "काकू, गाडी दिवे घाटात हुबी हाय. नुस्ती वाफ निघतीया. उद्या लगीन हाय वं." तुम्ही फोन ठेवलात आणि मला विचारलंत, "कागद ठेवला होतास?" मी म्हणालो, "हो." "कोरडा होता?" "कोरडा होता." "दाखव." मी मागं गेलो, स्टुलावरचा पेपर उचलला, घडी विस्कटली, थोडा चुरगळला, आणि आणून दिला. तुम्ही चष्मा खाली घेऊन बघितलात. जरा जास्त वेळ बघितलात. मग नीट घडी घातलीत आणि विचारलंत, "आजचा पेपर वाचून झाला का तुझा?" मी म्हणालो, "हो." "बरं," म्हणालात. मग हत्यारांची पिशवी उचललीत, म्हणालात, "स्कूटी काढ."

घाटात तो तोंड सुकवून दगडावर बसला होता, मागं भलीमोठी पातेली उन्हात चमकत होती. इंजिन जाम झालं होतं. तुम्ही त्याच्यासमोर उभ्या राहिलात आणि म्हणालात, "दादा, चूक माझी. कागद मी बघितला, मला ओल दिसली नाही." मी तुमच्या मागं उभा होतो. मी तोंड उघडलं नाही. तो म्हणाला, "आवं काकू, तुमच्याकडून असं हुईल असं वाटलं नव्हतं." तुम्ही म्हणालात, "मलाही नव्हतं वाटलं." मग दुसरा टेंपो थांबवून आपण पातेली हातांनी हलवली, तुम्ही एका बाजूला, मी एका बाजूला, आणि अख्ख्या घाटात तुम्ही मला एवढंच म्हणालात, "खाली वाक, कमरेत धर." लग्नाचं जेवण वेळेवर झालं. इंजिन तुम्ही ओळखीच्या गॅरेजमधे रोज जाऊन, उभं राहून दुरुस्त करून घेतलंत. सासवडकडचे गाडीवाले मात्र सहा महिने आपल्या गल्लीत वळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला पेपर आणायला पाठवलंत. म्हणालात, "यापुढं पेपर तू आणायचा. वाचून झाला की जपून ठेव, लागतो आपल्याला." आणि कागद पसरायचं काम माझ्याकडे दिलंत. ज्यानं घोळ केला त्याच्याकडेच. मी दुकान सोडेपर्यंत एकदाही चुकवलं नाही. तुम्हाला काही कळलं नाही, म्हणून माझ्यावर विश्वास टाकलात, असं मी इतकी वर्षं धरून चाललो. त्याचीच लाज वाटायची. फसवलेल्या माणसाला पत्र काय लिहायचं.

आज सकाळी दहाला मी कागद ओढून काढला. मधोमध टिकलीएवढा ओला डाग.  वर बघितलं तर एका जोडाखाली थेंब लटकत होता, लाजाळू. तो जोड मी अर्धाच आवळला होता. कसा, तेही आठवलं. शुक्रवारी तो पिळत असताना खालून एक माणूस सायकलवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचून चालला होता, इतक्या, की मागून सायकल दिसतच नव्हती. मी पाना ठेवून, दोरी कशी बांधलीय बघायला खाली गेलो. परत आलो आणि पुढचा जोड हातात घेतला. काल "घ्या" म्हणालो असतो तर आज ताईंच्या टेबलावर चालू विजेत पाणी टपकलं असतं.

डाग किती पसरलाय बघायला मी कागद खिडकीशी धरला, तुम्ही धरायचात तसा, आणि नजर वर गेली. शनिवार. कालची तारीख. असणारच ना. जो कागद एक दिवस खाली राहिलाय, तो उचलताना कालचाच असतो. नेहमीच. आणि मी तुमच्या हातात दिला होता तो सकाळी आलेला, त्याच दिवशीचा. तुम्ही चष्मा खाली घेऊन जे वाचत होतात ती तारीख होती. "आजचा पेपर वाचून झाला का तुझा?" काकू, तुम्हाला तिथंच कळलं होतं. चप्पल अर्धी पायात असतानाच. सगळं कळून तुम्ही स्कूटी काढायला सांगितलीत, घाटात त्या माणसाला "चूक माझी" म्हणालात, सहा महिन्यांची गिऱ्हाइकं घालवलीत, आणि वर कागद माझ्याच हातात दिलात. मी खिडकीशी तसाच उभा राहिलो, हात वर, कागद उजेडात. खालच्या दुकानदाराला वाटलं मी त्याला काहीतरी दाखवतोय. त्यानं हात हलवला.

तुम्ही तेव्हा ओरडला असतात तर मी त्याच दिवशी पळालो असतो. आधीची सगळी ठिकाणं मी ओरडा खाऊनच सोडली होती. तुम्हाला तेही दिसलं असणार. आज मला जे थोडंफार जमतं, एखादी गोष्ट शेवटपर्यंत नेणं, तीन तास फणी चालवणं, फोनवर "म्हणूनच" म्हणणं, ते त्या घाटात तुम्ही माझ्यापुढं उभ्या राहिलात तिथून सुरू झालंय. मला ते आज सकाळी कळतंय. माझं लक्ष म्हणजे वडापची जीप, पण शेवटी येते, काकू, पोचते.

जोड उघडला. आतली रबरी रिंग सरकून चिमटली होती. नवी घातली, शेवटपर्यंत आवळला, प्रत्येक जोड परत हातानं तपासला, आणि अकराला पुन्हा पंप सुरू केला. म्हणजे दिवस पुरा होणार उद्या अकराला. ताईंची फाइल येणार नऊला. अकराला इथून रिक्षानं निघालो तरी त्यांच्या टेबलावर लागेपर्यंत बारा. पाचपर्यंत पाच तास उरतात. त्या म्हणाल्या होत्या, नीट ऐकू आलं तर चार तासांचं काम आहे. होईल. कदाचित होईल. पण हे त्यांना सांगायला हवं, आणि तासभर फोन हातात घेऊन मी एक वाक्य घोळवत होतो, "ताई, रिंगच खराब आली होती हो कंपनीकडून." फार सोपं वाक्य आहे. त्यांना तपासता येणार नाही. मी ते दोनदा मोठ्यानं म्हणूनही बघितलं, आणि मग फोन ठेवून ही वही उघडली.

हे पत्र मी पाठवणार कुठं? दुकानाच्या पायरीवर ठेवलं तर कव्हरवाला केरात टाकेल. वहीतच राहील, वायरिंगच्या आकृत्यांच्या उलट्या बाजूला. तुम्हाला

खाली रिक्षा थांबली. खिडकीतून बघितलं तर ताई. कोथरूडहून, रविवारी दुपारच्या उन्हात, काखेत टॉवेलमधे गुंडाळलेला की-बोर्ड, हातात जेवणाचा डबा. खरंच आल्या बसायला. वरच्या मजल्यांकडे बघतायत, कुठली खिडकी ते शोधतायत. मी हात दाखवला.

जिन्यात पावलं वाजतायत, हळूहळू, एक मजला झाला. ओला कागद मी टेबलाच्या कडेला ठेवलाय, दारातून आत येताच दिसेल असा, डाग वर करून. यंत्राखाली पसरलाय त्यावर आजची तारीख आहे. या वेळी खरीच.

काकू, त्या दिवशी मी कागद ठेवलाच नव्हता. दार वाजतंय.